शॅम्पेनची समिती फक्त बड्या कंपन्यांची?

फ्रान्समधली शॅम्पेनची ‘कोमिते’ (शॅम्पेन व्यवसायाची समिती) म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांचा क्लब, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या, एपर्ने इथल्या या संस्थेला दोन सहअध्यक्ष असतात: एक द्राक्ष बागायतदारांचा, दुसरा कंपन्यांचा. दोघांचं वजन सारखं. दरवर्षी हेक्टरी किती किलो द्राक्षं तोडायची, ही मर्यादा दोन्ही बाजू इथे बसूनच ठरवतात, आणि ओढाताण होणारच की!

बाटलीच्या लेबलावर कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात, ती वाचा. ‘आरएम’ म्हणजे बागायतदाराने मुख्यतः स्वतःच्या द्राक्षांची केलेली वाइन. ‘एनएम’ म्हणजे बहुधा द्राक्षं विकत घेणारी कंपनी. त्यापुढचा नोंदणी क्रमांक समिती देते. तो चवीचा शिक्का मात्र नव्हे.