सदाशिवरावभाऊंचा तोतया खरा भाऊच होता का?

‘तोतया खरा भाऊच होता, नाना फडणवीसांनी सत्तेसाठी त्याला संपवला’ ही कंड्या अजूनही पिकतात. खुलासा करायलाच हवा.

14 जानेवारी 1761 ला पानिपतावर भाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की, लढाईनंतर धड आधी सापडले, शिर नंतर, आणि ओळख पटल्यावर अंत्यसंस्कार झाले. पण पुण्याला हे पटायला जड गेले. पत्नी पार्वतीबाईंनी तर स्वतःला विधवा मानलेच नाही. अफवेला एवढी जमीन पुरली.

पुढे बुंदेलखंडाकडून उगवलेला तोतया होता सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण. भाऊंशी चेहऱ्याचे साम्य होते म्हणतात, पण चौकशीत सोंग उघडे पडले आणि त्याला कैदेत टाकले. तेव्हा नाना सर्वेसर्वा नव्हते, माधवराव पेशवे होते, हे कटाची कथा सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

खरा घोळ 1776 चा. रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्यालाच धनी करून बाहेर काढले. पुण्याचा कारभार पाहणारे बारभाई मंडळ आणि पेशवेपदावर हक्क सांगणारे राघोबादादा यांच्या भांडणाने राज्य खिळखिळे झालेले. माणसे जमली, कोकणातले किल्ले तोतयाच्या हाती पडले. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

आणि नाना? ते स्वतः पानिपतावर होते, भाऊंना जवळून ओळखत होते.