‘बक्षीस’ सापडले, ‘बक्षिसाचे’ निसटले

नकोसे मेल (स्पॅम) शब्दयादीने अडवायचे, तर यादी लावण्याआधी मजकूर उलगडावा लागतो. मराठी मेल बहुधा बेस-64 या सांकेतिक रूपात गुंडाळून येतो: दर तीन बाइटांची चार अक्षरे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, स्पेस मात्र एकाच बाइटची. त्यामुळे गुंडाळलेल्या मजकुरात एकच शब्द, तो कुठे सुरू होतो त्यानुसार, तीन निरनिराळ्या रूपांत दिसतो. विषयाची ओळ वेगळी गुंडाळलेली असते. तीही सोडवायला हवी.

मग लेखनातले भेद. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ कोणी नुक्त्याच्या ‘ऱ’ने टाइप करतो, कोणी अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. शब्द तोडण्यासाठी स्पॅमवालेही अशीच अदृश्य चिन्हे पेरतात. ती काढून टाकावीत, ‘ऱ’चा ‘र’ करावा आणि नेमके हेच संस्कार यादीवरही करावेत.

खरी अडचण विभक्तीची. यादीतल्या ‘बक्षीस’ला ‘बक्षिसाचे’ सापडत नाही, कारण दीर्घ ‘ी’ ऱ्हस्व झाली. ‘बक्ष[िी]स’ या साच्यात दोन्ही बसतात. ‘पैसा’चे ‘पैशांचा’ होते, म्हणून ‘पै(सा|से|शा)’ लिहावे. नुसते ‘पैस’ नको, तो स्वतंत्र शब्द आहे.

उलट चूकही होते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची अंगभूत रेग्युलर एक्सप्रेशन (म्हणजे वरच्यासारखे शोधसाचे) काना-मात्रांना अक्षर मानत नाहीत. साहजिकच ‘कर’ला दोन्ही बाजूंनी शब्दसीमा लावली, तरी तो ‘करार’मध्ये सापडतो: ‘र’नंतर काना आला की तिथे शब्द संपला, असा त्यांचा समज. म्हणून सीमा आपणच सांगावी: आधी किंवा नंतर, दंड (।) वगळता, देवनागरी चिन्ह नसावे. मग ‘कराचा’, ‘करात’ ही रूपे यादीत स्वतंत्र घालावी लागतात. कंटाळवाणे काम, पण इलाज नाही.

एका शब्दावरून मेल फेकणे तर अडाणीपणाच; बक्षीस समारंभाचे निमंत्रणही जाईल. स्पॅमअसॅसिन हा स्पॅम गाळणारा प्रोग्राम प्रत्येक नियमाला गुण देतो आणि बेरीज 5 झाली की मेल स्पॅम ठरवतो. ‘बक्षीस’ला अर्धा गुण पुरे, ‘बक्षीस’, ‘प्रक्रिया शुल्क’ आणि अनोळखी लिंक एकत्र आल्यास तीन. नवा नियम आधी 0.01 गुणावर ठेवून कोणत्या चांगल्या मेलना लागतो ते पाहावे. 0 देऊ नये, त्याने नियमच बंद होतो.