सोलापूरच्या उन्हात वाढीव कॉम्प्रेशन: साडेसात घन सेंटिमीटरचा हिशेब

पिस्टन सर्वांत खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर आल्यावर उरणाऱ्या जागेने भागले की पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मिळतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद टर्बो न लावता आणि सिलिंडर न वाढवता कशी वाढवावी, असा प्रश्न निघाला की वाढीव कॉम्प्रेशनच्या पिस्टनचा पर्याय हमखास सुचवला जातो. हा पर्याय शास्त्रशुद्ध आहे. मात्र सोलापुरात गाडी चालवणाऱ्याने त्याचा निर्णय पिस्टनच्या कॅटलॉगवरून न घेता एप्रिल-मे महिन्यांतल्या तापमानावरून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी 1989 साली बाजारात आलेल्या माझदा एमएक्स-5 या गाडीचे 1.6 लिटरचे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास 78 मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली होण्याचे अंतर) 83.6 मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो 9.4 आहे. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे 399.5 घन सेंटिमीटर जागा व्यापतो आणि तो वर पोहोचल्यावर मिश्रणासाठी सुमारे 47.6 घन सेंटिमीटर जागा उरते. हा रेशो 11 करायचा असेल, तर तीच जागा जवळपास 40 घन सेंटिमीटरवर आणावी लागते. फरक अवघा साडेसात घन सेंटिमीटरचा, म्हणजे औषधाच्या दीड चमच्याएवढा आहे. पिस्टनच्या माथ्यावर सरासरी 1.6 मिलिमीटर उंचीचा धातू वाढवला की तो भरून निघतो.

एवढ्याशा बदलाने ताकद वाढते, याचे कारण दाबण्यात नसून प्रसरणात आहे. ज्वलनानंतरचा तप्त वायू जितक्या लहान जागेतून सुरुवात करून पसरतो, तितकी त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याच्या कामी येते आणि तितकी कमी उष्णता सायलेन्सरवाटे वाया जाते. आदर्श ऑटो चक्राच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या आदर्श प्रतिकृतीच्या, सूत्रानुसार 9.4 रेशोला कार्यक्षमता 59.2 टक्के आणि 11 रेशोला 61.7 टक्के येते. खऱ्या इंजिनात या दोन्ही आकड्यांपैकी एकही गाठला जात नाही, तरीही त्यांच्यातले प्रमाण उपयोगी आहे, कारण त्यावरून वाढ फार तर 4 टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज करता येतो. सुमारे 115 अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ चार-पाच अश्वशक्तींची झाली. शिवाय रेशो जसजसा चढत जातो, तसतसा प्रत्येक पुढच्या अंकाचा लाभ घटत जातो.

या लाभाला मर्यादा घालणारी गोष्ट म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना तिच्यापुढचे, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत राहते. ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. असे इंजिन दीर्घकाळ चालले तर ते उघडल्यावर पिस्टनच्या कडेला बारीक खड्ड्यांची नक्षी दिसते, आणि पुष्कळदा दोन रिंगांमधली धातूची पट्टीच तुटलेली आढळते. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी 1919 साली ई-35 हे एका सिलिंडरचे प्रायोगिक इंजिन तयार केले. त्यात चालू स्थितीतच कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येत असे आणि कोणते इंधन कोणत्या रेशोपर्यंत टिकते, हे त्यावर मोजता येई. पुढे 1921 साली अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून ही मर्यादा वर सरकवण्यात आली. त्या विषारी उपायाला भारतभर पूर्णविराम मिळायला 2000 साल उजाडले.

आता सोलापूरच्या हवेकडे वळू. दाबल्यामुळे मिश्रण किती तापेल, हे ते आत शिरताना किती गरम होते यावर थेट अवलंबून असते. हवा 25 अंश सेल्सियसची असेल आणि रेशो 11 असेल, तर साध्या सूत्राने दाबाअखेर मिश्रणाचे तापमान सुमारे 384 अंश येते. हवा 43 अंशांची आणि पिस्टन मूळचेच, 9.4 रेशोचे असतील, तर तेच तापमान सुमारे 389 अंश येते. थोडक्यात, मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात धावणारे, हात न लावलेले इंजिन नॉकिंगच्या दृष्टीने आधीच तेवढ्या तापमानाला पोहोचलेले असते, जेवढ्याला थंड गावातले वाढीव कॉम्प्रेशनचे इंजिन पोहोचते. त्यात 11 रेशोचे पिस्टन घातले की आकडा 424 अंशांच्या घरात जातो. हा हिशेब सिलिंडरच्या भिंतींची उष्णता न धरता केलेला आहे. बॉनेटखाली कोंडलेली हवा तर 43 अंशांहून कितीतरी अधिक तापलेली असते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे हवेचा दाब सुमारे 5 टक्क्यांनी कमी असतो, तेवढाच काय तो दिलासा.

आधुनिक इंजिनात नॉक सेन्सर ठोके ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, ठिणगी उशिरा पाडते. त्यामुळे इंजिन वाचते, परंतु उशिरा पेटलेल्या मिश्रणाचा प्रसरणातला वाटा वाया जातो आणि एक्झॉस्ट अधिक तापतो. ज्या लाभासाठी पिस्टन बदलले, तोच लाभ भर उन्हाळ्यात परत द्यावा लागतो. नॉक सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत तर ही राखणही नसते. 25 अंशांच्या तुलनेत 43 अंशांची हवा सुमारे 6 टक्क्यांनी विरळ असते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून एअर फिल्टरला बॉनेटबाहेरची हवा पोहोचवणारी चांगली नळी बसवणे हे सोलापुरात पिस्टनच्या आधी करण्याचे काम आहे.

इंधनाच्या बाजूने मात्र परिस्थिती सुधारली आहे, आणि त्यात या जिल्ह्यातल्या उसाचाही वाटा आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याच्या क्षमतेचे माप, मानकानुसार किमान 95 असतो. पूर्वीच्या साध्या पेट्रोलला 91 पुरत असे. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत शिरणारे मिश्रण थंड होते. वाढीव कॉम्प्रेशनला याहून अनुकूल गुण दुसरा नाही. अट एवढीच की या इंधनाला एक भाग वजनामागे सुमारे साडेतेरा भाग हवा लागते, तर निव्वळ पेट्रोलला 14.7 भाग. त्यामुळे जुन्या गाडीचे इंधनाचे मापन तसेच ठेवले तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मिश्रणात इंधन कमी पडते आणि नॉकिंगला आमंत्रण मिळते.

प्रत्यक्ष काम करताना कॅटलॉगमध्ये छापलेल्या रेशोवर विसंबू नये. हेड (सिलिंडरवरचे झाकण) उलटे ठेवून, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून, कडेला ग्रीस लावून त्यावर छिद्र असलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची काच दाबावी आणि ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) रॉकेल सोडावे. शेवटचा बुडबुडा छिद्रातून निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा म्हणजे त्या कप्प्याचे खरे आकारमान होय. चारही कप्प्यांचे आकडे क्वचितच जुळतात, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी तो सिलिंडर सर्वांत आधी ठोके देतो. पिस्टनच्या माथ्यावर मऊ चिकणमाती थापून, हेड कसून, क्रँक हाताने दोनदा फिरवावा. हेड पुन्हा काढल्यावर मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला दिसतो. तिथे चिरा देऊन उरलेली जाडी मोजली की उंच माथ्याच्या पिस्टनवर व्हॉल्व्ह आदळेल का, याचा निकाल लागतो.

माथा फार उंच असेल तर ज्योतीच्या वाटेत टेकडी उभी राहते आणि ज्वलन रेंगाळते. म्हणून माथा माफक ठेवून पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यातली फट, हेड पॅकिंगची जाडी धरून, एक मिलिमीटरच्या आसपास आणणे मला अधिक पटते, कारण त्या अरुंद फटीतून फेकले जाणारे मिश्रण घुसळले जाते आणि ज्योत लवकर पसरते. माझदानेच पुढे 14 रेशोचे इंजिन बाजारात आणले, पण त्यासाठी सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणी, मध्ये खळगा असलेला पिस्टन आणि सिलिंडरमध्ये मागे राहणारा तप्त वायू घटवणारा लांब एक्झॉस्ट असा सगळा साज नव्याने उभा केला. नुसते पिस्टन बदलून ती उंची गाठता येत नाही.

एमएक्स-5 सारख्या इंजिनासाठी सोलापुरात मी 11 ऐवजी 10.5 रेशो निवडेन. त्यासाठी साडेसातऐवजी साडेपाच घन सेंटिमीटर जागा भरावी लागते आणि सूत्रातल्या 4 टक्क्यांपैकी 3 टक्के लाभ पदरात पडतो. जानेवारीच्या गारव्यात डायनोमीटरवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवलेले टायमिंग, म्हणजे ठिणगी पाडण्याची वेळ, अंतिम मानू नये. आत येणाऱ्या हवेचे तापमान वाढेल तसतसे टायमिंग मागे घेणारा तक्ता ईसीयूमध्ये भरावा आणि तो मे महिन्यात, इंजिन पूर्ण तापल्यावर, दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा तपासून घ्यावा.