गायतोंडे यांची चित्रपद्धती

वासुदेव सांतू गायतोंडे (१९२४–२००१). घराणं मूळ गोव्याचं, जन्म नागपूरचा, वाढले गिरगावातल्या चाळीत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा १९४८ साली, १९५०च्या सुमारास मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले, १९५७ला टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस, १९७१ला पद्मश्री. ही माहिती कुठेही मिळते. इथे फक्त त्यांची चित्रं कशातून यायची आणि कॅनव्हासवर प्रत्यक्ष काय घडायचं एवढंच घेतलंय, कारण लिलावाच्या आकड्यांच्या गदारोळात (२०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले आणि पुढे त्याहून बरेच जास्त) नेमकी हीच बाजू मागे पडते.

संज्ञा : मराठीत अमूर्त, अप्रतिरूप आणि वस्तुनिरपेक्ष असे तीन शब्द आलटून पालटून वापरले जातात, पण गायतोंडेंच्या बाबतीत हा घोळ चालत नाही. आधी झाड किंवा घर बघायचं आणि मग त्यातला तपशील काढत काढत नुसता आकार उरवायचा, हे झालं अमूर्तीकरण. गायतोंडेंचं म्हणणं असं की मी कशाचंच अमूर्तीकरण करत नाही, म्हणून 'अमूर्त चित्रकार' हे लेबल त्यांना कधीच पटलं नाही, स्वतःच्या कामाला ते वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न निघालेलं, म्हणायचे. गंमत म्हणजे २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं ते म्युझियम १९३९ साली सुरू झालं तेव्हा त्याच्या नावातच 'वस्तुनिरपेक्ष चित्रकला' हे शब्द होते. आता अडचण अशी की हेच गायतोंडे आपली चित्रं म्हणजे निसर्गाचं प्रतिबिंब असंही सांगायचे. वरवर हे उलटं वाटतं, पण इथे निसर्ग म्हणजे देखावा नव्हे तर घडण्याची रीत असं घेतलं की दोन्ही विधानं एकत्र बसतात, आणि खालची पद्धत वाचल्यावर तेच जास्त पटतं.

प्रेरणा : सुरुवातीची चित्रं आकृतिप्रधान आहेत. जैन पोथ्यांतली लघुचित्रं, पहाडी लघुचित्रांच्या बसोहली शैलीतले सपाट तापलेले रंग यांचा ठसा त्यांच्यावर स्पष्ट दिसतो, त्यानंतर युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले याची रेषा येते, आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आकृती हळूहळू विरघळून जाते. नेमकी कुठल्या वर्षी ते सांगता येत नाही, बहुतेक अभ्यासक १९५७ ते १९६० असा पट्टा धरतात आणि तेच बरं, कारण एखादं चित्र पुढे जातं तर एखादं मागे रेंगाळतं.

याच काळात त्यांचं झेन या बौद्ध ध्यानपंथाचं वाचन सुरू झालं आणि इथेच खरा वाद आहे. एक मत असं की झेनमुळेच ते वस्तुनिरपेक्षतेकडे वळले, शांतता, रिकामी जागा, कमीत कमी खुणा हे सगळं तिथूनच आलं. दुसरं मत असं की क्लेची रेषा आणि लघुचित्रांतला रंग यांच्यापासून चित्रांनी आधीच ती दिशा पकडलेली होती आणि झेनने त्या दिशेला शब्द दिले. चित्रं साल बघून ओळीने लावली तर दुसरं मत जास्त जवळचं वाटतं, कारण आकृती मोडण्याची खटपट आधीपासून चालू दिसते. शिवाय एकटं झेन धरून बसलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. जे. कृष्णमूर्ती आणि रमण महर्षी यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम होता, आणि मुंबईत खेतवाडीत अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज होते, ज्यांची निरूपणं मराठीत चालायची. इंग्रजी लेखनात झेनला पानंच्या पानं मिळतात आणि निसर्गदत्तांना जेमतेम एक ओळ, हा तोल मराठी वाचकाने तरी सुधारून घ्यायला हवा.

समुद्राचंही तसंच. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, चित्रकार हुसेन, सतारवादक रविशंकर, नाट्यदिग्दर्शक अल्काझी असे लोक त्याच आवारात काम करायचे, आणि समोर समुद्र. १९६०च्या दशकातल्या आडव्या चित्रांत क्षितिजासारखी रेषा येते, त्यावरून ती सागरचित्रं आहेत असं सर्रास म्हटलं जातं. रोज समोर असलेलं पाणी डोळ्यात उतरलं नसेल असं नाही, पण त्यांनी समुद्राचं चित्र काढलं असं विधान जपूनच करावं. साधारण १९६८नंतर कॅनव्हास उभे होतात आणि क्षितिजाचा मुद्दा बराचसा आपोआप मागे पडतो.

अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज १९६३ साली त्यांच्याकडे येऊन गेले आणि चित्रं बघून इतके भारावले की न्यूयॉर्कला पत्र लिहून त्यांनी तिथल्याच अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोशी तुलना केली. पुढच्याच वर्षी गायतोंडे रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. त्यामुळे रॉथकोचा प्रभाव हा शब्द जिकडेतिकडे चिकटलाय, पण क्रम बघा, तुलना प्रवासाच्या आधीची आहे.

पद्धत : मुख्य गोष्ट अशी की यात ब्रशला फारसं काम नाही. रोलर आणि पेंटिंग नाइफ ही खरी हत्यारं. रोलरने रंग फिरवला की हाताच्या हालचालीची खूण राहत नाही, म्हणजे त्या काळात न्यूयॉर्कच्या ज्या चित्रकारांचं सगळं नाव हाताच्या फटकाऱ्यावर झालं त्यांच्या बरोबर उलट. तैलरंगाचे पातळ थर एकावर एक चढतात, मधेच नाइफने खरवडून खालचा थर उघडा केला जातो, पुन्हा वर थर. पातळ थरातून उजेड आत जाऊन खालच्या थरावरून परत येतो म्हणून ही चित्रं आतून उजळल्यासारखी दिसतात, आणि म्हणूनच फोटोत ती मेलेली दिसतात.

कागदाच्या वापराबद्दल वर्णनं दोन तऱ्हेने केली जातात. एक म्हणजे वर्तमानपत्रं मासिकं यांचे फाडलेले तुकडे रंगवून कॅनव्हासवर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा, आणि कागदावरचा रंग खाली उतरवायचा. दुसरं म्हणजे कॅनव्हासवरच्या ओल्या रंगावर कागद दाबून उचलायचा म्हणजे रंग निघून येतो आणि खाली फिकट, फाटक्या कडांची खूण उरते. पहिल्यात रंग घातला जातो, दुसऱ्यात काढला जातो. दोन्ही केलं असण्याची शक्यता भरपूर आहे, तरी १९७०च्या दशकातल्या चित्रांत काही आकारांच्या कडा अशा दिसतात की तिथे रंग उचलून घेतलाय असंच वाटतं. यात वेळ साधणं फार कठीण. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतो आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. फार ओला असताना कागद लावला तर सगळंच निघून येणार, उशीर झाला तर काहीच निघणार नाही. म्हणजे वाट बघणं ही त्यांच्या स्वभावातली गोष्ट होतीच, पण तंत्राचीही ती गरज होती, आणि ध्यान, मौन वगैरे लिहिताना हे कायम सुटतं.

शांततेबद्दल ते स्वतः बोलत, सगळ्याची सुरुवात तिथून होते, ब्रशची, कॅनव्हासची, नाइफची शांतता, अशा अर्थाचं. कॅनव्हाससमोर बसून राहण्यात बराच काळ जायचा आणि वर्षाला पाच-सहा चित्रं झाली तरी पुष्कळ. योगायोगाला जागा होती पण मोकळीक नव्हती, काय ठेवायचं आणि काय पुसायचं हा निर्णय दर थराला घ्यावा लागायचा.

उत्तरकाळ : १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीला निझामुद्दीन ईस्टमध्ये राहायला गेले. १९८४ला अपघात झाला, मोठे कॅनव्हास काही वर्षं बंद पडले, आणि त्या काळात कागदावर शाईची छोटी कामं झाली ज्यातल्या खुणा लिपीसारख्या दिसतात पण वाचता येत नाहीत. ही कामं कमी पाहिली जातात, यांवर लिहिलंही कमी गेलंय. नंतर पुन्हा तैलरंग, पण थोडेच.

ललित कला अकादमीने १९८३ला ज्ञानेश्वर नाडकर्णींची छोटी पुस्तिका काढली होती, आणि नंतर मराठीत 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकाने मोठं काम केलं. प्रत्यक्ष चित्रं बघायची तर मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या संग्रहात आहेत, दिल्लीत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत, आणि १९६२चं एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. चित्रांना शीर्षक बहुधा नसतंच, फार तर नंबर. सही मात्र पुष्कळदा कॅनव्हासच्या मागच्या बाजूला असते, इंग्रजीत आणि सोबत देवनागरीत.