विधवा पेन्शन आणि फॉर्म २ चा ‘भाग ब’

वागळे इस्टेटमध्ये नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला असलेला नवरा गेला की घरात पहिली शोधाशोध पीएफच्या कागदांची होते. पेन्शन त्याच कागदांत असते हे पुष्कळांना नंतर कळतं.

१९५२ च्या पीएफ कायद्यात नुसती एकरकमी रक्कम होती. १ मार्च १९७१ पासून फॅमिली पेन्शन आली, पण ती कामगार नोकरीत असताना वारला तरच. १९६२ मध्ये वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत उभी राहिली; तिथे उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला माणूस नंतर गेला, तर बायकोच्या हाती दरमहा काहीच नाही. १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस-९५ ही कर्मचारी पेन्शन योजना आली आणि हे बदललं. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शनकडे वळली. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर विधवेला निम्मी पेन्शन. नोकरीत झाला तर एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी हक्क लागू. सूत्र सोपं: १५,००० पगार गुणिले १४ वर्षं नोकरी, भागिले ७०, म्हणजे ३,०००, त्यातले विधवेचे १,५००. एवढ्यात ठाण्यात खोलीचं भाडंही निघत नाही, ते सोडा.

खरा गुंता ‘कुटुंब’ या शब्दाचा. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्म २ मध्ये, म्हणजे नॉमिनीची नावं नोंदवण्याच्या अर्जात, भाग अ पीएफचा, भाग ब पेन्शनचा. पीएफच्या कुटुंबात अवलंबून असलेले आईवडील येतात. पेन्शनच्या कुटुंबात फक्त नवरा-बायको आणि मुलं. त्यामुळे एकाच माणसाचा पीएफ आईकडे आणि पेन्शन बायकोकडे जाऊ शकते, आणि मग सासू-सुनेत जुंपते. ‘नॉमिनी मी आहे, पेन्शन माझीच’ असं सासूबाई म्हणतात, पण ते चालत नाही: बायको हयात असताना पेन्शनला नॉमिनीचा प्रश्नच येत नाही. लग्नाआधी भावाचं नाव टाकलेलं असेल, तर ते लग्नानंतर आपोआप रद्द. माझ्या पाहण्यातले बरेच भाग ब कोरेच होते. कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. सही करा म्हणाले, त्याने केली.

नव्वदीनंतर पट्ट्यातल्या कंपन्यांना टाळी लागली, तेव्हा नोकरीची दहा वर्षं पुरी न झालेल्या कितीतरी जणांनी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे जमा पैसे उचलले. त्यांच्या मागे पेन्शन उरली नाही.

पुढचे बदल भराभर झाले. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये. ती वाढवण्याची मागणी तेव्हापासून चालू आहे. २०२१ मध्ये पीएफशी जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम सात लाख झाली. पीएफचा, विम्याचा आणि पेन्शनचा (१०-डी) हे मृत्यूदाव्याचे तीन अर्ज एका फॉर्मात आले. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते.

एक कलम मात्र १९९५ चं तसंच आहे: पुनर्विवाह केला की पेन्शन बंद. कळव्यातल्या चाळीशीच्या बाईलाही दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत आपण पुन्हा लग्न केलेलं नाही हे सांगावं लागतं.