‘झाड की गवत?’ : मेंढा गावाच्या बांबूवादाची पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने बांबूवरचा हक्क मिळवला, त्याची हकिकत बहुधा ‘बांबू हे झाड की गवत’ या एका प्रश्नात उरकली जाते. प्रश्नाची ही मांडणी आकर्षक असली तरी वाद तिच्यामुळे सुटला नाही. उलट तिच्यातच तो काही काळ अडकून पडला.

विषय कसा मांडावा याची दक्षता गावात आधीपासून होती. १९८० च्या दशकातील धरणविरोधी आंदोलनानंतर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुळली आणि अभ्यासगट व ग्रामसभा यांची कामे वेगळी ठेवली गेली. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात, विषय सर्व बाजूंनी उलगडला जातो, पण निर्णय ग्रामसभेतच होतो. अभ्यासगटात तिथल्या तिथे काही ठरायचे नसल्याने बोलणाऱ्याला शंका काढता येते आणि मत बदलले तरी हार मानल्यासारखे होत नाही.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाल्यावर बांबूविक्रीचा विषय आला आणि वाहतूक परवान्यावर अडला. परवाना नाकारताना वन खात्याचा आधार १९२७ चा वन कायदा होता. त्यातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताडवर्गीय वृक्षांबरोबर बांबू, खुंट, झुडपे आणि वेतही येतात, आणि तोडलेले झाड इमारती लाकडात मोडते. म्हणून बांबू गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी, गावाच्या हक्कात येणारी वस्तू) ठरत नाही, असा युक्तिवाद होता. त्यावर बांबू तृणकुळातला आहे, असे वनस्पतिशास्त्राच्या आधारे उत्तर दिले जाऊ लागले. ते खरेच आहे. पण कायद्यातील व्याख्या शास्त्राला बांधील नसते (वेताला झाड म्हणणाऱ्या कायद्यातील तर नाहीच), त्यामुळे या वाटेने बोलणे जाणकारांच्या वादविवादाकडेच वळत होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपे, खुंट आणि वेत यांची नावे स्पष्टपणे घातली आहेत, म्हणजे जुन्या कायद्याने झाड ठरवलेल्या वस्तूच उचलून ग्रामसभांच्या पदरात टाकल्या आहेत. तेव्हा बांबू काय आहे यापेक्षा तो कोणाचा आहे, हे विचारणे सयुक्तिक होते, आणि त्याचे उत्तर कायद्यात लिहिलेलेच होते. मार्च २०११ मध्ये केंद्राने राज्यांना तसे कळवले आणि एप्रिलमध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले.

२०१७ च्या अध्यादेशाने १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला, तोही मुख्यतः वनाबाहेर लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक मोकळी व्हावी म्हणून. त्यात ‘गवत’ हा शब्द कोठेही घातलेला नाही. तरीही बांबू कायद्याने गवत झाला, असेच अजून सांगितले जाते.