लिहून दुखावलेला हात आणि मालिश: पार्श्वभूमी

मनगटं आणि बोटं दुखायला लागली की पहिला संशय कीबोर्ड आणि मोबाइलवर जातो. दुखणं मात्र त्यांच्याहून कितीतरी जुनं आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामधंद्यांतून होणाऱ्या रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० साली छापला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. आजच्या फिजिओथेरपिस्टलाही त्यात फारसं खोडण्यासारखं सापडणार नाही. रामाझ्झिनींनी एका लेखनिकाची हकिगत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने जिद्दीने डावा हात लिहिता केला, आणि थोड्याच काळात त्याचीही तीच गत झाली.

एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, तसे असे हातही वाढले. दोष पोलादी निबांना दिला गेला, नंतर मज्जातंतूंना. उपाय म्हणून विश्रांती झाली, विजेचे झटके झाले. काही शल्यविशारदांनी तर सरळ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, कापल्या.

यातून पुढची वाट दाखवणारा माणूस डॉक्टर नव्हता. फ्रँकफर्टचे यूलिउस वोल्फ हे सुलेखन शिकवणारे मास्तर. १८८० च्या दशकात त्यांच्या पद्धतीचा बोलबाला युरोपभर झाला आणि शार्को, बिलरोथ यांच्यासारख्या बड्या डॉक्टरांनी तिची शिफारस केली. रोग्याने बोटं, पंजा, कोपरापुढचा हात आणि दंड शक्य त्या सगळ्या दिशांनी हलवायचे. प्रत्येक स्नायू सहा ते बारा वेळा जोर लावून आवळायचा, दर हालचालीनंतर थांबायचं. हा व्यायाम एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, पण दिवसातून दोन-तीनदा. मग त्याच हालचाली पुन्हा, या वेळी दुसऱ्याने हात अडवून धरलेला असताना. शिवाय रोज सुमारे वीस मिनिटं मालिश, बोटांकडून वर चढत जाणारी, थापट्यांसह. आणि शेवटी लेखणी धरायचे नवे धडे.

मालिश हा यातला एक भाग होता. पुढे लोकांनी नेमका तेवढाच उचलून धरला, कारण तो सगळ्यांत सुखाचा. लेखणी नव्याने धरायला शिकणं कंटाळवाणं.

मालिशीला तोवर वैद्यकात थोडी प्रतिष्ठा आलीच होती. डच डॉक्टर योहान मेझगर यांनी ती रुग्णालयी उपचारांच्या चौकटीत आणली आणि १८९४ साली लंडनमध्ये प्रशिक्षित मालिशकर्त्या परिचारिकांची संस्था उभी राहिली. तिचंच पुढे फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेत रूपांतर झालं. दरम्यान तारयंत्रावर ‘कट्ट-कड’ करणाऱ्यांचे हातही जाऊ लागले होते. १९०८ साली ब्रिटनने या दुखण्याला नुकसानभरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांत घेतलं.

मग निदानं बारीक होत गेली. अंगठ्याच्या मुळाशी कंडरांचं आवरण जाड होऊन होणारं दुखणं स्विस शल्यविशारद द केरव्हँ यांनी १८९५ साली वेगळं काढलं. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नावाचा मज्जातंतू दबतो, हे कार्पल टनेलचं निदान १९५० नंतर जॉर्ज फेलन यांच्यामुळे सर्रास होऊ लागलं. त्यामुळे मालिशीलाही ‘कुठे’ हा प्रश्न लागू झाला. लंडनचे जेम्स सिरिअॅक्स कंडरेला आडवं, खोल घर्षण द्यायला शिकवत. ते आजही शिकवलं जातं, पण त्याचे पुरावे तोकडे आहेत.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांत तक्रारींची लाटच आली. दुखणं हाताचं की मनाचं, यावर डॉक्टर हातघाईवर आले. रामाझ्झिनींनी दोन्ही एकाच यादीत लिहिलं होतं, हे त्या भांडणात कुणाच्या फारसं कामी आलं नाही.

कार्पल टनेलवर मालिश तपासणारा २००४ चा एक अभ्यास बराच उद्धृत होतो. त्यात मालिशीने वेदना कमी झाल्या, पण माणसं होती अवघी १६. आज मालिश आखडलेले स्नायू सैल करायला, व्यायाम आणि रात्रीच्या मनगटपट्टीच्या जोडीने दिली जाते. बोटं सतत बधिर राहत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झडू लागला असेल, तर मालिश थांबवून आधी मज्जातंतूची तपासणी करावी लागते.